पायाच्या अंगठ्याचा हिशेब

मंडळी, पायाचा अंगठा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. मला तो प्रथम भेटला कायद्याच्या पुस्तकात. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. संपूर्ण अंगठा गेला तर कमाईच्या ताकदीत १४ टक्के घट, हाडासह थोडा भाग गेला तर ३ टक्के, असा भाव त्यात लिहिलेला होता. परंतु अंगठा जागेवरच राहिला आणि त्याचा सांधा झिजून ताठ झाला, तर त्या कोष्टकात त्याच्यासाठी ओळ नव्हती.

आता आपल्या जिल्ह्यातली कामे पाहा. चिखलात वाकून धानाची रोवणी, कोसा विणताना मागाच्या पावड्या दाबणे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतली चढउतार. पाऊल पुढे टाकताना शेवटचा रेटा अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर येतो. टाचा उचलून उकिडवे बसायचे तर तोच सांधा वर वाकावा लागतो.

या ताठरलेल्या अंगठ्याचे वर्णन १८८७ साली डेव्हिस-कॉली या इंग्रज शल्यवैद्याने केले. १९०४ मध्ये केलर नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने सांध्यातले थोडे हाड कापून टाकण्याची रीत प्रसिद्ध केली. दुसरी रीत म्हणजे दोन्ही हाडे कायमची जोडून टाकणे. वेदना जाते, वाकणेही जाते. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्याला हा सौदा परवडतो. उकिडवे बसून पोट भरणाऱ्याने काय करावे? मोडलेला सांधा काढून नवा बसवावा, ही कल्पना मोहक वाटते ती यामुळेच.

१९६७ च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. स्वॅन्सन यांनी सिलिकोनचा सांधा अंगठ्यात बसवला. आरंभी तो पुष्कळांना मानवला; पुढे मात्र सिलिकोन झिजून त्याचे कण आसपासच्या हाडात शिरतात आणि दाह होतो, असे दिसून आले. मग धातूचे सांधे आले, त्यांतले कित्येक सैल झाले. २०१६ मध्ये अमेरिकेत ‘कार्टिवा’ या मऊ, पाणीदार पदार्थाच्या गुटीला परवानगी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने ती बाजारातून परत घेतली, कारण अपेक्षेपेक्षा अधिक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. हाडे जोडण्याची जुनी रीत अजून टिकून आहे ती उगाच नव्हे.

अंगठा लहान, म्हणून त्याची बातमी होत नाही. खुब्याची झाली. डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियात प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही आहे. आमच्या खाणीतला हजेरीपटच म्हणा ना! कोणता सांधा लवकर निकामी होतो, ते त्या पटावर दिसले, आणि तिथे २००९ मध्येच तो मागे घेण्यात आला. जगभर मात्र ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण धसास लावले आणि मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. एका राज्याच्या खात्याने बलाढ्य परदेशी कंपनीला जाब विचारावा, हे मला विशेष वाटते. सरकारी खात्यांची स्तुती करण्याची सवय मला नाही, हे आपण जाणताच.

केंद्र सरकारने समिती नेमली ती २०१७ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली. नेहमीच्या वापरातला, दीड लाखाच्या आसपास विकला जाणारा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. म्हणजे किंमत बांधता येत होती! ‘एएसआर’च्या रुग्णांना किमान २० लाख रुपये द्यावेत, अशी त्या समितीने शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सूत्र ठरले, सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण रुपये द्यायचे कोणाला? आपल्याकडे सक्तीचा हजेरीपट नव्हता. त्या ४,७०० पैकी बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच समितीला लागला नाही.