भ्रमण आणि सहकार्य : गेनिझातील व्यापारी पत्रे

माणसे एका जागी स्थिर असली म्हणजे परस्परांशी सचोटीने वागणे सोपे असते. आज फसविले तर उद्या त्याच माणसाशी गाठ आहे, हा धाक पुरेसा होतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड व विल्यम हॅमिल्टन यांनी १९८१ मध्ये क्रीडासिद्धान्ताच्या आधारे केलेले विवेचन स्थूलमानाने हेच सांगते. परंतु लबाडाला गाव सोडता येत असेल तर? मॅग्नस एन्क्विस्ट व ओलोफ लायमार यांनी १९९३ मध्ये दाखविले की, भ्रमण सुलभ झाले म्हणजे एकाला लुबाडून दुसरा गाठणे परवडते. त्यावर त्यांनी दोन उतारे तपासले : परक्याविषयी संशय आणि कर्णोपकर्णी पसरणारी वार्ता.

दुसऱ्या उताऱ्याचा ठळक दाखला म्हणून अकराव्या शतकातील मघ्रिबी यहुदी व्यापाऱ्यांकडे बोट दाखविले जाते. फुस्तात येथील व्यापारी सिसिलीतील अडत्याकडे माल धाडी. त्याच्यावर नजर ठेवणे अशक्यच. अव्हनेर ग्राइफ यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादिले की, पत्रांतून अडत्यांच्या वर्तनाची बातमी सर्वत्र पोचे आणि एकाला फसविणारा सर्वांनाच वर्ज्य होई. जेरेमी एडवर्ड्स व शीला ओगिल्व्ही यांनी २०१२ मध्ये यावर कडक आक्षेप घेतला : हेच व्यापारी न्यायालयांत जात, आणि सामूहिक बहिष्काराचा पुरावा तुटपुंजा आहे. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप वजनदार वाटतो. मात्र त्यामुळे पत्रांचे महत्त्व कमी होत नाही.

ही पत्रे भाषेने अरबी व लिपीने हिब्रू आहेत. (१८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांचा मोठा साठा कैरोहून केंब्रिजला नेला.) लिपीमुळे वार्तेचे क्षेत्र आखले गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती अन्य अरबीभाषी यहुद्यांनाही अवगत होती. तेव्हा कोणाचे पत्र कोणास जात होते, हेच पाहिले पाहिजे.

या दृष्टीने बाराव्या शतकातील एक प्रकरण उद्बोधक आहे. मूळचा महदियाचा अब्राहम बेन यिजू मंगळूरला राहून व्यापार करी. तेथील एका ‘कारदारा’ने वेलदोड्यांसाठी उचल घेऊन माल दिला नाही. तेव्हा एडनच्या भागीदाराने बेन यिजूला सुचविले की, एडनमध्ये देणे बुडविणाऱ्यास बहिष्कृत करतात, अशी ताकीद त्याला द्यावी. तरीही न वळल्यास तसे पत्रच धाडू. कारदार हा शब्द फारसी. ज्याच्यावर हा धाक घालावयाचा, तो बहिष्कार घालणाऱ्यांच्या समाजातला होता की नव्हता, यावरच त्या पत्राचे बळ अवलंबून होते.