एका दिवसाचा महाराजा

इंदूर म्हटले की गोमंतकीयाला पहिली आठवण होते ती लतादीदींची. मंगेशीचे नाव जगभर नेणारी ही गायिका २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मली. दुसरी आठवण होळकरांची, राजवाड्याची, पुण्यश्लोक अहल्याबाईंची. मराठी माणसाला हे शहर परके वाटतच नाही. पण आज जी गोष्ट सांगायची आहे ती गाण्याची नव्हे की राजघराण्याचीही नव्हे. ती आहे एका भल्यामोठ्या उंदराची, आणि त्या उंदरामागून निघालेल्या मिरवणुकीची.

ही गोष्ट आठवायला कारण आपल्या ग्रामसभा. रविवारी सकाळी पंचायतीच्या सभागृहात लोक जमतात, गावात येऊ घातलेल्या एखाद्या प्रकल्पाचा विषय निघतो, आणि मागच्या खुर्चीवरून कोणीतरी उठून विचारतो, "पण आम्हांला विचारले कोणी?" हा प्रश्न गोव्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की आता तो कोणाला नवा वाटत नाही. मात्र विचारायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आपण फारसे तपासत नाही. सूचनाफलकावर कागद डकवला म्हणजे विचारले? तीस दिवसांत हरकती मागवल्या म्हणजे विचारले? शंभर वर्षांपूर्वी इंदुरात एका परदेशी म्हाताऱ्याने यावर आपले स्वतःचे असे एक उत्तर शोधले होते.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. १८७० साली तिथे नगरपालिका आली, मग कापडगिरण्या आल्या, गिरण्यांमागोमाग कामगार आले. विसाव्या शतकाच्या आरंभी लाखाच्या आतलेच हे शहर, पण दाटीवाटीने वाढत चाललेले. त्यातच प्लेगच्या साथी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने शहराचा आराखडा करण्यासाठी पाहुणा बोलावला, त्याचे नाव पॅट्रिक गेडीस.

गेडीस हे स्कॉटलंडचे, जन्म १८५४ चा. मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असताना डोळ्यांनी दगा दिला, सूक्ष्मदर्शकावरचे काम अवघड झाले, तेव्हा त्यांचे लक्ष झाडापेशींकडून माणसांच्या वस्तीकडे वळले. एडिंबरोच्या जुन्या भागातील कळकट चाळीत ते बायकोसह राहायला गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ती चाळ झाडूनपुसून राहण्याजोगी केली. १९१४ साली ते हिंदुस्थानात यायला निघाले, तेव्हा शहरांविषयीचे त्यांचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज जर्मनांच्या 'एम्डेन' या युद्धनौकेने बुडवले. हा गृहस्थ खचला नाही. मित्रांनी नवे साहित्य जमवले आणि पुढच्याच वर्षी मद्रासेत प्रदर्शन भरले. पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत मालवणला जन्मलेला एक तरुण होता. तेच पुढे त्यांच्यानंतर विभागाची धुरा वाहणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. म्हणजे आपल्या शेजारच्या मुलखाशीही या माणसाचा धागा जुळतो.

शहर सुधारायचे म्हणजे जुन्या वस्तीतून पट्टीने रेघ ओढायची, आड येतील ती घरे पाडायची आणि रुंद रस्ता काढायचा, ही त्या काळची रीत. गेडीस यांना ती साफ नापसंत. ते आधी पायी हिंडत. गल्लीबोळ, विहिरी, देवळांची आवारे, झाडांखालचे पार, सगळे बघत. पडके घर इथे एखादे काढावे, तिथे थोडा उजेड येऊ द्यावा, मोकळ्या जागेत एखादे झाड लावावे आणि बाकीची वस्ती जिथल्या तिथे राहू द्यावी, असा त्यांचा उपचार असे. जपून केलेली शस्त्रक्रिया, असे ते त्याला म्हणत.

पण इंदूरच्या लोकांना हे कुठे ठाऊक होते? त्यांना दिसत होता तो हातात नकाशा घेऊन आपल्या गल्लीत डोकावणारा दाढीवाला साहेब. नकाशावाला साहेब आला की मागून पाडापाडीचा हुकूम येतो, हे लोकांना अनुभवाने कळलेले. त्यात प्लेगची दहशत. या म्हाताऱ्याच्या पायगुणानेच प्लेग येतो, असेही लोक बोलू लागले. तो दिसला की लोक बोटे दाखवीत, बायामुले घरात पळत.

इथे पुण्याची आठवण होते. १८९७ साली तिथे प्लेग आला तेव्हा सरकारने सोल्जर घराघरांत घुसवले. माजघरे, देवघरे बाटवली गेली, माणसे ओढून नेली गेली. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडच्या खुनाने झाला. रोग तोच, भीतीही तीच. इंदुरात काय करता आले असते?

गेडीस यांनी दरबाराकडे एक विचित्र मागणी केली. मला एका दिवसापुरता महाराजा करा! मागणी मान्य झाली. मग शहरात जाहीर झाले की यंदा दिवाळीला नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल, आणि ती ना हिंदूंच्या ठरलेल्या वाटेने जाईल ना मुसलमानांच्या. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत जास्त दुरुस्त झालेली आणि स्वच्छ दिसतील, त्या रस्त्यांनी ती जाईल.

याचे महत्त्व गोवेकराला वेगळे समजावून सांगायला नको. पालखी कोणाच्या दारावरून जाणार, कुठे थांबणार, पहिला नारळ कोणाचा, यावरून आपल्याकडे भावकी-भावकीत बोलणे बंद होते, देवळांना कुलपे लागतात, प्रकरणे मामलेदाराकडे आणि कोर्टात जातात. मिरवणुकीची वाट म्हणजे मान. हा मान पिढीजात हक्काने मिळायचा. गेडीस यांनी तो एका दिवसापुरता खुला केला. झाडू आणि चुना हाती घेईल त्या गल्लीला तो मिळणार होता. वाट कुठली हे महाराजाने ठरवायचे नव्हते, रस्त्यारस्त्यांतल्या माणसांनी आपल्या वागण्याने ठरवायचे होते. त्या दिवाळीआधी इंदुरात जी साफसफाई, डागडुजी आणि रंगरंगोटी झाली, तशी आधी कधी झाली नव्हती म्हणतात. गाड्यांमागून गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला.

मग मिरवणूक निघाली. पुढे राज्याचा लवाजमा, मागून शेतीचे आणि व्यापाराचे वैभव. त्यानंतर सूर बदलला आणि बेसूर वाद्यांच्या गजरात रोगराईचे, दैन्याचे राक्षस आले. मोडक्यातोडक्या घरांचे देखावे आले, आणि त्यांच्यामागून प्लेगचा तो अवाढव्य उंदीर, अंगावर थरथरणाऱ्या पिसवांसकट. पिसूमुळे प्लेग पसरतो हे शास्त्राला कळून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. जे सरकारी पत्रकाने सांगून कळले नसते, ते शेंबड्या पोरालाही एका नजरेत कळले.

उंदरामागून शहराचे झाडूवाले आले. पांढरेस्वच्छ कपडे, नवे झाडू, गळ्यात फुलांचे हार, त्यांच्या गाड्या रंगवलेल्या. ज्यांची सावली टाळायची, त्यांना रांगेत मानाने चालताना शहराने पाहिले. त्यांच्यामागे हत्तीवर बसलेली नगरलक्ष्मी. मग गवंडी-कारागीर, नव्या घरांच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृती. शेवटी लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या गेडीस यांनी बरोबर हेरले होते की ज्या घरापुढची तुळस टवटवीत, त्या घराचे अंगणही झाडलेले असते. आपल्या प्रत्येक घरापुढच्या तुळशीवृंदावनाकडे या नजरेने आपण तरी कधी पाहिले होते का? सरतेशेवटी राक्षस आणि उंदीर जाळले गेले. आपण नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतो, इंदुराने त्या दिवाळीत प्लेग जाळला.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः गेडीस यांच्याच तोंडून. शिष्या अमेलिया डेफ्रीज यांनी १९२७ साली त्यांच्यावरच्या पुस्तकात ती नोंदवली. सांगणारा स्वतःच नायक असला की गोष्टीला थोडी झळाळी चढते, हे ध्यानात ठेवायला हवे. पण त्यांचा इंदूरचा अहवाल मात्र १९१८ साली छापलेला आहे, दोन खंडांत, आणि त्यात मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हिंडल्याच्या खुणा पानोपानी दिसतात.

तरीही एक शंका मनात राहते. गेडीस यांनी लोकांचे मत मागितले, की फक्त हात मागितले? झाडू कुठे मारायचा ते लोकांनी ठरवले, पण शहराचा आराखडा कोणी ठरवला? आराखडा साहेबांचा, मान्यता दरबाराची. एका दिवसाची सत्ता उसनी होती, दुसऱ्या दिवशी ती परत गेली. हार घातलेले झाडूवालेही दुसऱ्या दिवशी आपल्या जागी परत गेले असणार. मिरवणुकीने शहराला जागे केले, पण शहराला बोलते ठेवील अशी व्यवस्था मागे उरली नाही.

ही उणीव इंदूरला पुढेही छळत आली. १९९० च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या मदतीने तिथे झोपडपट्टी सुधारणेचा मोठा प्रकल्प झाला. अभियंता हिमांशू पारीख यांची कल्पना फार सुंदर होती. झोपडपट्ट्या नदी-नाल्यांच्या काठाने सखल भागात वसतात, आणि पाणी तर उताराकडेच जाते. तेव्हा गटारे, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या याच वस्त्यांतून एकमेकींना जोडत न्याव्यात, म्हणजे वस्तीही सुधारेल आणि शहराचा मैलाही वाहून जाईल. १९९८ साली या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पण पुढे तिथे जाऊन पाहणाऱ्यांनी वेगळेच लिहिले. गीता दिवाण वर्मा यांनी तर २००२ सालच्या आपल्या पुस्तकात या प्रकल्पाचे वाभाडेच काढले. गटारे तुंबली, आणि रहिवाशांना आराखडा करताना विचारलेच नव्हते, अशी टीका झाली. लोकसहभाग हा शब्द कागदावर होता, लोक मात्र त्याच्या बाहेर होते.

मग आले स्वच्छतेचे पर्व. २०१७ पासून इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे पहिले येत गेले. सकाळी गाणे वाजवीत गाडी दारात येते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. हे यश लोकांच्या हातांचे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. गेडीस असते तर त्यांना आपल्या मिरवणुकीची आठवण झाली असती. या सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायालाही गुण असतात.

पण २०२५ च्या डिसेंबरअखेर याच शहरातल्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली, काही दगावली. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की पाण्याला घाण वास येतो, ही तक्रार रहिवासी आधीपासून करीत होते. म्हणजे शहराला हवे ते मत वस्तीने आपणहून दिले होते, न मागता, फुकट. ते ऐकणारा कान नव्हता. अभिप्रायाला गुण देता येतात, पण गुणांसाठी घेतलेला अभिप्राय आणि नळाखाली भांडे धरून उभ्या असलेल्या बाईची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ साली लोकांना न विचारता लादला गेला, तेव्हा गोवा रस्त्यावर आला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग आराखडा २०२१ करताना चार्ल्स कोरिया यांच्यासारखा गोमंतकीय वंशाचा थोर वास्तुविशारद कृतिदलात बसला, मसुदे गावागावांत गेले, लोकांनी आपली शेते, डोंगर, तळी नकाशावर ताडून पाहिली. गोव्याच्या इतिहासात असे विचारणे क्वचितच झाले. २०१२ साली सरकार बदलले आणि तो आराखडा स्थगित झाला. गावाला निदान ग्रामसभा आहे. पणजी-म्हापशाच्या रहिवाशाला तीही नाही, कारण प्रभाग समित्यांची सक्ती घटनेने तीन लाखांवरच्या शहरांनाच केली आहे. आणि जिथे सक्ती आहे तिथे काय होते, ते भागीरथपुऱ्याने दाखवून दिले.

गेडीस यांच्या मिरवणुकीतला उंदीर जळून गेला, पण त्यांची पायपीट मागे उरली आहे. अधिकाऱ्याने वस्तीत पायी जावे, नळाचे पाणी ओंजळीत घेऊन वास घ्यावा, दारातल्या म्हातारीशी दोन शब्द बोलावे, आणि ती जे सांगेल त्याने कागदावरची रेघ बदलावी. यासाठी हत्ती लागत नाही की कोणाला महाराजा व्हावे लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत कोणी उठून "आम्हांला विचारले कोणी?" असे म्हणाले, तर त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हवा : आम्ही आधीच सांगितले होते, ते कोणी ऐकले?