बाराव्या नावापुढे

संघनिवड झाली की वाद ठरलेलाच. २०२४च्या जूनमध्ये अमेरिकेने पॅरिस ऑलिंपिकसाठी महिला बास्केटबॉल संघ निवडला. बारा जणींत कॅटलिन क्लार्क नव्हती! कॉलेजच्या सामन्यांत ३,९५१ गुणांचा विक्रम केलेली ही बावीस वर्षांची मुलगी. बेचाळीस वर्षांची डायना टॉरासी मात्र संघात. केवढा गदारोळ झाला! निवड समितीने अनुभवाला महत्त्व दिले. अंतिम सामन्यात फ्रान्सवर ६७-६६ असा निसटता विजय, सलग आठवे सुवर्ण. त्या सामन्यात टॉरासी मैदानात उतरलीच नाही.

मला जास्त हळहळ वाटते ती नेका ओगुमिकेची. २०१६ची व्यावसायिक लीगमधली सर्वोत्तम खेळाडू, तरी टोकियोसाठी वगळली. गुडघा दुखावला होता हे खरे. मग आईवडिलांच्या नायजेरियाकडून खेळायला निघाली, तर आंतरराष्ट्रीय महासंघाने अडवले. कारण काय, तर ती अमेरिकेकडून फार वर्षे खेळली होती!

शाळेचे संघ मीही निवडले आहेत. तेराव्या मुलीला कारण सांगणे सर्वांत अवघड. पदक मिळाले म्हणून ते सांगायचे टळत नाही. क्लार्कच्या हाती निदान वय आहे. नेकाने कोणाकडे दाद मागायची?