विरासतचा हिशोब मोबाईलवर

शरियतचे हिस्से ठरलेले, म्हणून ते कॉम्प्युटरच्या कोडमध्ये सहज बसतात. 9व्या शतकात अल-ख्वारिज्मींच्या बीजगणिताच्या ग्रंथात विरासतचीच गणितं भरपूर आहेत. ‘अल्गोरिदम’ शब्दही त्यांच्या नावावरून आला.

आम्ही हिशोब केला. आई-वडील आधीच वारलेले. कफन-दफन, कर्ज, मेहर, वसियत वजा जाता 32 लाख उरले. बायकोला 4, मुलाला 14, दोन मुलींना 7-7 लाख. पण एका बहिणीचं नाव भरलंच नाही, तर अ‍ॅप तिचे 7 लाख भावा-बहिणीत वाटून मोकळं होतं, विचारत नाही.

अमरावती-अकोल्यात इस्टेट म्हणजे बहुधा वावरच. 1937च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून मात्र शेतजमीन वगळली आहे. वावराचं अ‍ॅपवर सोडू नका, वकिलाला विचारा. अन् तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देताना सगळ्या बहिणींची नावं लिहा.