फाट्यापासून गावापर्यंत

कळंब तालुक्यात पत्ता सांगताना माणूस गावाआधी फाटा सांगतो. एसटी किंवा टेम्पो फाट्यावर थांबतो, गठ्ठा खाली उतरतो आणि पुढे मोटारसायकल, नाहीतर डोक्यावरचं ओझं. लांबचा पल्ला मोठ्या गाडीनं तोडायचा, शेवटचा टप्पा हलक्या साधनावर सोपवायचा. या मुलखातली मालवाहतूक फार जुनी. जवळच्या तेरचं, म्हणजे प्राचीन तगराचं कापड पहिल्या शतकात भडोच बंदरावर जाई. हा माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून येतो, अशी नोंद 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे.

माल पोचवणारी ट्रक आणि ड्रोनची जोडी फाट्यावरच्या याच रीतीच्या कुळातली. २०१५ मध्ये चेस मरे आणि अमांडा चू या अमेरिकेतल्या संशोधकांनी ती गणितात मांडली. ट्रक आपल्या वाटेनं पुढं जात राहतो. ड्रोन त्याच्यावरून उडतो, एका घरी पुडकं देतो आणि पुढच्या कुठल्यातरी थांब्यावर ट्रकला गाठतो. तो थांबा कोणता, हे कोडं. ड्रोन आधी पोचला तर बॅटरी जाते, ट्रक आधी पोचला तर बाकीची गिऱ्हाइकं खोळंबतात. मला या शोधाचं मर्म त्या भेटीच्या हिशोबात दिसतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये यूपीएस कंपनीनं फ्लोरिडातल्या लिथिया इथं गाडीच्या टपावरून ड्रोन उडवून पाहिला. साडेचार किलोपर्यंत ओझं, अर्ध्या तासाचं उड्डाण. घरं लांब-लांब असलेल्या ग्रामीण भागासाठीच ही खटपट होती.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावी ड्रोननं लसीचे ३०० डोस दहा मिनिटांच्या आत नेले. त्यात ट्रक नव्हता.

आमच्याकडे ड्रोन ओळखीचा झाला तो फवारणीमुळे. सोयाबीनच्या बांधाला टेम्पो उभा राहतो. त्यात बॅटऱ्या, जनरेटर, पाण्याची टाकी. ड्रोन रिकामा होऊन परततो, बॅटरी बदलून पुन्हा उडतो. म्हणजे जोडी बांधावर आलेलीच आहे, पुडकं तेवढं यायचंय. माझ्या मते पहिलं पुडकं सर्पदंशावरच्या प्रतिविषाचं असावं, ओढ्यापलीकडच्या आरोग्य केंद्रासाठी. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की फाट्यापर्यंत आलेलं औषध फाट्यावरच राहतं.