कॅटलनचा डाव

बुद्धिबळांत डावाच्या आरंभाला बहुधा गांवाचें किंवा खेळाडूचें नांव मिळतें, आणि तेंहि पुष्कळदां योगायोगानें. कॅटलनची गोष्ट निराळी. १९२९ सालीं बार्सिलोना येथें स्पर्धा भरली, तेव्हां संयोजकांनीं टार्टाकोव्हर यांस आपल्या कॅटलोनिया प्रांताच्या गौरवार्थ एखादा आरंभ रचण्याची विनंती केली. स्पर्धा कॅपाब्लांका यांनीं जिंकली. नांव मात्र या आरंभाचें राहिलें.

रचना सोपी आहे. पांढरा वजिरापुढचें व त्या बाजूच्या उंटापुढचें प्यादें दोन-दोन घरें चालवितो. राजाकडील घोड्यापुढचें एकच घर सरकवून मोकळ्या जागीं उंट बसवितो. तो उंट लांब कर्णरेषेवरून काळ्याच्या वजिराकडील बाजूवर दाब ठेवतो. देशी बुद्धिबळांत प्यादें एकच घर चाले, त्यामुळें उंटाची ही बैठक इकडे नवी नव्हे. कलकत्त्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी यांनीं १८५५ सालीं कॉक्रेन यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनीं उंट असाच मांडला होता.

हाच आरंभ २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें महिला विश्वचषकाच्या निर्णायक डावांत अवतरला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाला जें मोठें शहर जवळचें, त्या नागपूरची दिव्या देशमुख काळ्या मोहऱ्यांनीं बसली होती, वय एकोणीस. समोर कोनेरू हंपी. त्या २००२ सालींच ग्रँडमास्टर झालेल्या, आणि जलद बुद्धिबळांत दोनदां जगज्जेत्या. अंतिम सामन्याचे दोन्ही मुख्य डाव बरोबरींत सुटले होते, पहिला जलद डावहि तसाच. आतां प्रत्येकीला पंधरा मिनिटें आणि दर खेळीला दहा सेकंद.

हंपी यांनीं कॅटलन निवडला. निवड शहाणपणाची होती. धोका न पत्करतां प्रतिपक्षाला तासन्‌तास छळणारा हा आरंभ आहे. परंतु पंधरा मिनिटांत तासन्‌तास कोठून आणावयाचे? दिव्या दबली नाहीं. चाळिसाव्या खेळीला हंपी यांनीं प्याद्याचा बळी देऊन डाव उघडला. शांत उंटाचा आरंभ येथें संपला, आणि घड्याळाचा खेळ सुरू झाला. वेळ संपत आलेल्या हंपी यांचा हात चुकला, आणि त्यांनीं डाव सोडला.

दिव्यापाशीं ग्रँडमास्टरपदाचा एकहि नॉर्म नव्हता. या विजयानें तें पद तिला थेट मिळालें. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, आणि स्त्रियांत चौथी. त्या चौघींतली पहिली समोरच बसली होती.