नगरच्या कोटाचा खंदक

नगरचा भुईकोट पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा गोंधळतो. सिंहगडासारखा तो पाच कोसांवरून दिसत नाही. खंदकाबाहेरच्या मातीच्या चढामागे तट दडलेला असतो आणि काठावर पोचल्यावरच त्याची खरी उंची कळते. डोंगरी किल्ल्याला उंची निसर्ग देतो. सपाट माळावर ती मिळवायची तर खाली जावे लागते, म्हणजे खणावे लागते. म्हणून भुईकोटाचा अभ्यास तटापासून नव्हे, खंदकापासून सुरू करावा, असे माझे मत आहे.

१४९० साली मलिक अहमदने बहामनी फौज जिथे उधळली, तिथे आधी बाग आणि वाडा झाला, मग मातीचा कोट. आजचा घडीव दगडाचा तट हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२च्या सुमारास बांधून घेतला. बावीस बुरूज, आणि भोवती सुमारे शंभर फूट रुंद खंदक. एवढी रुंदी असली की शिडी लावणे अवघड, हत्ती दरवाजावर घालणे अवघड आणि हल्लेखोर तटावरच्या माऱ्यात उघडा पडतो. पण खंदक अडवतो तो जमिनीवरून येणाऱ्याला. जमिनीखालून येणाऱ्याचे काय?

हा प्रश्न १५९५च्या अखेरीस उभा राहिला. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान यांनी कोटाला वेढा घातला. आत अल्पवयीन बहादूरशहाच्या वतीने चांदबिबी कारभार पाहत होती. ती हुसेन निजामशहाची मुलगी, म्हणजे बापाने बांधलेला तट लेक लढवत होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. फिरिश्ता सांगतो की, मोगल छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाच्या माणसाने रात्री कोटाजवळ येऊन सुरुंगांच्या जागा आतल्या लोकांना सांगितल्या. मग आतून उलटे खणणे सुरू झाले. अंदाजाने, अंधारात, बारुदाच्या ढिगाकडे. दोन सुरुंग त्यांनी निकामी केले. तिसरा रिकामा करत असतानाच मोगलांनी बत्ती दिली. खणणारे जागीच गेले आणि सुमारे पन्नास यार्ड तट कोसळला.

पुढचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. बुरखा घेतलेली, हाती नंगी तलवार घेतलेली चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली, रात्रीतून खिंडार बुजवले गेले, आणि अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. गोळे संपल्यावर तिने तोफांत सोन्यारुप्याची नाणी भरली, ही कथाही रंगवून सांगतात. ऐकायला छान आहे, माझा तिच्यावर भरवसा नाही. तिच्या शौर्याविषयी मात्र शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ते दोन सुरुंग फुटले असते, तर बुजवायला एकच खिंडार उरले नसते. तिसऱ्या सुरुंगात मेलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्याकडे नाही. शिराझीचे आहे, पण नगरमध्ये ते कितीजणांना माहीत असेल?

चार वर्षांनी, १६०० साली, मोगल पुन्हा आले. वाटाघाटींचा विचार करणाऱ्या चांदबिबीला कोटातल्याच लोकांनी मारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरुंगाने तट उडाला आणि किल्ला गेला. या वेळी बाहेरचे खणणे आतल्यांना थोपवता आले नाही.

१८०३ साली वेलस्लीला खणावे लागले नाही. त्याने आधी पेठ घेतली, मग तोफा डागल्या, आणि शिंद्यांच्या किल्लेदाराने १२ ऑगस्टला किल्ला सोडला. खंदक ओलांडायची वेळच आली नाही. त्यानंतर इंग्रजांच्या हाती खंदकाचा उपयोग उलटा झाला. बाहेरच्यांना अडवणारी ती चर आतल्यांना डांबायला कामी आली. ऑगस्ट १९४२मध्ये नेहरू, पटेल, आझाद अशा बाराजणांना इथे आणले गेले.

नेहरूंनी तुरुंगाच्या आवारात बाग करायला घेतली. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी १९४४ साली याच आवारात लिहिले आणि त्याच्या सुरुवातीलाच या खणण्याची हकिकत दिली आहे. कुदळीला जुन्या भिंती लागत, जमिनीत गाडलेल्या घुमटांचे माथे लागत. चांदबिबीची आठवणही तिथेच येते. आणखी खाली काय आहे ते पाहावे, असे त्यांना वाटत असणार. पण खोल खणणे सरकारला पसंत नव्हते.